घरगुती काचेच्या फिशटँकसाठी साहित्याची निवड : मापापासून कोरड्या जुळवणीपर्यंत

घरी बांधलेली टाकी गळली किंवा तडकली की दोष हमखास जोडकामाला दिला जातो. प्रत्यक्षात बऱ्याचदा चूक त्याच्या कितीतरी आधी, साहित्य गोळा करतानाच झालेली असते. घरात कुठल्याशा खिडकीच्या चार काचा उरलेल्या असतात, म्हणून त्यांच्या मापाची टाकी ठरते. सिलिकॉनची ट्यूब कपाटात पडून असते, म्हणून तीच वापरली जाते. आणि टाकी कशावर ठेवायची हा विचार ती पाण्याने भरायच्या दिवशी सुरू होतो. हा क्रम पूर्ण उलटा आहे. आधी उंची, मग जाडी, मग काचेचा प्रकार, त्यानंतर कापाची यादी, सिलिकॉन आणि शेवटी खालचा आधार, अशा क्रमाने गेल्यास प्रत्येक वस्तू आधीच्या निर्णयातून आपोआप ठरत जाते. पुढे सर्वत्र ९० सेंमी लांब, ४० सेंमी रुंद आणि ४५ सेंमी उंच अशी, वरून उघडी टाकी उदाहरणादाखल घेतली आहे.

१. उंची आधी ठरवावी

पाण्याचा भिंतीवरील दाब टाकीत किती लिटर पाणी आहे यावर ठरत नाही. तो फक्त पाण्याच्या उंचीवर ठरतो. ४५ सेंमी उंचीपर्यंत पाणी असेल तर तळाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४५ ग्रॅम भार येतो, पृष्ठभागाजवळ तो शून्य असतो, आणि या दोहोंची सरासरी धरल्यास ९० × ४५ सेंमीच्या दर्शनी काचेवर एकूण ९१ किलोच्या आसपास रेटा पडतो. टाकीची रुंदी ४० ऐवजी ८० सेंमी केली तरी हा आकडा तसाच राहतो. उंची दुप्पट केली की मात्र त्याच लांबीच्या काचेवरील रेटा चौपट होतो.

म्हणून टाकी मोठी हवी असेल तर ती लांबीरुंदीत वाढवावी, उंचीत नव्हे. उंच टाकी दिसायला देखणी असली तरी काच जाड लागते, तळापर्यंत हात पोहोचत नाही आणि उजेडही खाली कमी जातो. पहिल्यांदाच बांधणाऱ्याने ४५ सेंमीच्या वर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

२. जाडीचे गणित स्वतः करावे

काचेच्या दुकानात जाऊन "फिशटँकसाठी किती जाड काच लागते?" असे विचारणे हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत धोक्याचा मार्ग आहे, कारण उत्तर देणाऱ्याला टाकीची उंची ठाऊक नसते. गणित सोपे आहे. साध्या काचेची ताण सोसण्याची क्षमता दर चौरस मिलिमीटरला १९.२ न्यूटन धरून तिला ३.८ या सुरक्षा-गुणकाने भागले की ५.०५ हा आकडा मिळतो. आता टाकीची उंची मिलिमीटरमध्ये घेऊन तिचा घन करावा, त्याला ०.००००१ ने गुणावे, आलेल्या संख्येला खालील गुणांकाने गुणावे, ५.०५ ने भागावे आणि वर्गमूळ काढावे. येते ती भिंतीची किमान जाडी, मिलिमीटरमध्ये.

गुणांक लांबी आणि उंची यांच्या गुणोत्तरावरून घ्यायचा असतो : लांबी उंचीइतकीच असल्यास ०.१६, दीडपट असल्यास ०.२६, दुप्पट असल्यास ०.३२; अडीचपट असल्यास ०.३५, आणि तिप्पट किंवा अधिक असल्यास ०.३७.

आपल्या टाकीत ९० ला ४५ ने भागले की गुणोत्तर २ येते. ४५० चा घन ९,११,२५,०००, त्याला ०.००००१ ने गुणल्यावर ९११, त्याला ०.३२ ने गुणून ५.०५ ने भागल्यावर सुमारे ५७.७, आणि त्याचे वर्गमूळ ७.६. म्हणजे ८ मिमी काच घ्यावी. याच रीतीने ६० × ३० सेंमीच्या भिंतीला ४.१ येते, म्हणजे ५ मिमी; आणि १२० × ६० सेंमीच्या भिंतीला ११.७ येते, म्हणजे १२ मिमी.

उंचीचे महत्त्व अजून पटले नसेल तर एवढेच करून पाहावे. उंची ४५ च ठेवून लांबी ९० ची १८० सेंमी केली तर जाडी ७.६ वरून जेमतेम ८.२ वर जाते. लांबी ९० च ठेवून उंची ४५ ची ६० केली तर ती थेट १०.५ वर जाते.

तळाच्या काचेवर सगळीकडे सारखा आणि पूर्ण दाब असतो, म्हणून ती भिंतीपेक्षा एक पायरी जाड घ्यावी. भिंती ८ मिमीच्या असतील तर तळ १० मिमीचा, भिंती १२ च्या असतील तर तळ १५ चा.

सावधान : आलेला आकडा नेहमी वरच्या उपलब्ध जाडीकडे न्यावा, खालच्या नव्हे. ८.२ चे ८ करणे म्हणजे सुरक्षा-गुणकातून स्वतःच्या हाताने कपात करणे.

सावधान : ८ मिमी काच मिळाली नाही म्हणून ४ मिमीच्या दोन काचा पाठीला पाठ लावून चिकटवू नयेत. सिलिकॉन मऊ असल्यामुळे त्या दोन काचा एकजीव होऊन वाकत नाहीत. प्रत्येक काच वेगळी वाकते आणि दोघींची मिळून ताकद जेमतेम पावणेसहा मिमीच्या एका काचेइतकी भरते.

वरच्या कडेला आतून काचेच्या पट्ट्या लावल्यास लांब टाकीचा फुगवटा कमी होतो हे खरे आहे. पण पट्ट्या लावणार आहोत या भरवशावर भिंतीची जाडी कमी करू नये. जाडी पुरेशी असावी आणि पट्ट्या वरकड असाव्यात.

३. काचेचा प्रकार

साधी, नवी, टफन न केलेली (म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक न केलेली) फ्लोट काच, म्हणजे खिडक्यांना लागते ती नेहमीची सपाट काच, हेच उत्तर आहे. बाकीचे प्रकार का टाळायचे ते थोडक्यात सांगतो.

टफन केलेली काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते, त्यामुळे ती मोहात पाडते. परंतु ती टफन केल्यानंतर कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही, आणि कडेला टणक वस्तूचा एक नेमका ठोका बसला तरी संपूर्ण काच क्षणात बारीक तुकड्यांत कोसळते. साधी काच बहुधा आधी तडकते आणि पाणी झिरपू लागते. निदान बादली आणायला वेळ मिळतो. लॅमिनेटेड काचेच्या मधला प्लॅस्टिकचा पापुद्रा कडेने ओल शोषून दुधाळ होत जातो. तारेची जाळी घातलेली काच तर साध्या काचेहूनही कमजोर असते.

जुनी काच हा वेगळा विषय आहे, कारण तिथेच सर्वाधिक लोक फसतात. काचेची खरी ताकद तिच्या पृष्ठभागावर अवलंबून असते. वर्षानुवर्षे पुसली गेलेली, घासली गेलेली काच डोळ्यांना स्वच्छ दिसली तरी तिच्यावर बारीक ओरखड्यांचे जाळे असते आणि ताण पडल्यावर तडा तिथूनच सुरू होतो. टेबलावरची जुनी जाड काच फुकट मिळते म्हणून तिचा तळ करावासा वाटतो, पण ती टफन आहे की नाही हेही आपल्याला ठाऊक नसते.

तपासणी : संगणकाच्या पडद्यावर कोरे पांढरे पान उघडावे, पोलराइज्ड गॉगल हातात धरून तो पडदा काळा दिसेपर्यंत फिरवावा, आणि मध्ये काच धरावी. काच साधी असेल तर पडदा काळाच राहतो. टफन असेल तर तिच्यात उजळ पट्टे किंवा ठिपके उमटतात.

काचेची हिरवट छटा नको असल्यास दर्शनी भागासाठी कमी लोहाची, अधिक पारदर्शक काच घेता येते. जाडीच्या गणितात तिच्यामुळे काहीही बदलत नाही. तळाला आणि मागच्या बाजूला ती लावण्यात अर्थ नाही.

४. कापाची यादी कागदावर करावी

टाकीचे बाहेरचे माप आणि काचांचे माप एकच नसते. हे वाक्य वाचताना फारच उघड वाटते. तरीही माझ्या पहिल्या टाकीच्या दोन्ही बाजूच्या काचा मी पूर्ण ४० सेंमीच्या कापून आणल्या होत्या आणि घरी आल्यावर त्या कशातच बसेनात.

आधी भिंती तळाच्या काचेवर उभ्या राहणार की तळाच्या चारही बाजूंनी बसणार हे ठरवावे. दोन्ही रीती चालतात, पण अर्धी ही आणि अर्धी ती असे चालत नाही. भिंती तळावर उभ्या करायच्या ठरवल्यास, आणि प्रत्येक जोडात सिलिकॉनसाठी १ मिमी जागा धरल्यास, आपल्या टाकीची यादी अशी होते :

तळ, १० मिमी जाड : ९०० × ४०० मिमी, १ नग.
पुढची व मागची काच, ८ मिमी जाड : ९०० × ४३९ मिमी, २ नग. (४५० मधून तळाचे १० आणि सिलिकॉनचा १ वजा.)
बाजूच्या काचा, ८ मिमी जाड : ३८२ × ४३९ मिमी, २ नग. (४०० मधून दोन भिंतींचे १६ आणि दोन जोडांचे २ वजा.)

समोरासमोरच्या काचा एकाच मापात, शक्यतो एकामागून एक कापून घ्याव्यात. त्यामुळे मापात अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडलाच तर तो दोघींत सारखा पडतो आणि टाकी तिरकी होत नाही.

पाइपासाठी भोक हवे असेल तर ते काच कापतानाच, जोडणीच्या आधी पाडून घ्यावे. भोकाची कड काचेच्या कडेपासून निदान भोकाच्या व्यासाइतकी आत असावी. पाइपाचा जोड आधी विकत घ्यावा आणि त्याच्या मापाने भोक पाडावे.

सर्व कडांची धार घासून मारून घेण्यास सांगावे. चिकटणाऱ्या कडा सपाट घासलेल्या असल्या की पुरते. आरशासारखे पॉलिश फक्त वरच्या, हाताला लागणाऱ्या कडेला करून घ्यावे. धार न मारलेली कड बोट कापते, एवढ्यावर भागत नाही. कापताना पडलेल्या सूक्ष्म चिरा तशाच राहतात आणि पुढे त्याच वाढतात.

५. काच ताब्यात घेताना

काच दुकानातून उचलण्यापूर्वी चार गोष्टी तिथेच पाहाव्यात, कारण घरी आल्यावर त्यांचा उपयोग नसतो.

जाडी व्हर्निअर कॅलिपरने मोजावी. ८ मिमी काचेत ०.३ मिमी कमीअधिक चालते, म्हणजे ७.७ मिमी भरली तरी ती नियमात बसते आणि आपल्या ७.६ च्या हिशेबातही बसते. मात्र ७ भरली तर ती ८ ची काच नव्हेच.

दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान असतील तरच काच काटकोनात कापली गेली आहे. बाजू बरोबर असूनही कर्णांत दोन मिलिमीटरचा फरक निघाला तर काच परत करावी. ही तफावत सिलिकॉनने भरून काढू म्हणणाऱ्याची टाकी सहसा त्याच कोपऱ्यात गळते.

कडेवरून अंगठ्याचे नख हलकेच फिरवावे. टवका उडालेला असेल तर नख अडते. जोडात झाकला जाणारा, अर्ध्या मिलिमीटरचा टवका सोडून द्यावा. काचेच्या अंगात शिरलेली चीर, ती कितीही लहान असली तरी, नाकारावी.

शेवटी काच उजेडाकडे तिरकी धरून ओरखडे पाहावेत. नखाला जाणवणारा ओरखडा भिंतीच्या बाहेरच्या बाजूला असेल तर तो विशेष वाईट, कारण पाण्याच्या रेट्याने काच बाहेर फुगते आणि सर्वाधिक ताण मधोमध बाहेरच्याच पृष्ठभागावर येतो.

तपासणी : प्रत्येक काचेवर मार्करने नाव, वरची कड आणि बाहेरची बाजू लिहावी. जोडणीच्या वेळी हात सिलिकॉनने माखलेले असताना हे आठवत नाही.

६. सिलिकॉन

सगळी टाकी या एका पदार्थाच्या भरवशावर उभी असते, आणि नेमकी हीच वस्तू लोक सर्वांत घाईने घेतात.

ट्यूबवर १०० टक्के सिलिकॉन असे लिहिलेले असावे आणि ते मत्स्यालयासाठी योग्य असल्याचे उत्पादकाने स्वतः नमूद केलेले असावे. वाळताना व्हिनेगरसारखा वास येणारे ॲसिटॉक्सी सिलिकॉन काचेला उत्तम चिकटते आणि पूर्ण वाळून वास गेल्यावर माशांना निरुपद्रवी असते. मात्र इथे एक गैरसमज खोलवर रुजलेला आहे : व्हिनेगरचा वास आला म्हणजे ते टाकीला चालतेच, असे नाही. न्हाणीघर आणि स्वयंपाकघरासाठी मिळणाऱ्या सिलिकॉनलाही हाच वास असू शकतो, पण त्यात बुरशीनाशक मिसळलेले असते आणि ते पाण्यात उतरून माशांना बाधते. म्हणून वासावर नव्हे, लेबलावर विश्वास ठेवावा. बुरशीरोधक, रंग देता येणारे, ॲक्रिलिक मिश्रित, यांपैकी एकही शब्द दिसला की ट्यूब परत ठेवावी. लांबी (पुट्टी), इपॉक्सी आणि पॉलियुरेथेन सीलंट हे सिलिकॉनला पर्याय नव्हेत.

काही उत्पादक टाकीच्या आकाराची किंवा उंचीची कमाल मर्यादा देतात. ती बारीक अक्षरात, मागच्या बाजूला असते. ती वाचावी.

मुदतीची तारीख पाहावी आणि मुदत संपत आलेली ट्यूब घेऊ नये. जुने सिलिकॉन नोझलमधून नेहमीसारखेच बाहेर येते, दिसतेही तसेच. फक्त ते वाळत नाही, आठवडाभराने बोट लावले तरी चिकचिकत राहते. मग सर्व काचा सोडवून, ब्लेडने खरवडून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

किती लागेल याचा हिशेबही करून ठेवावा. आपल्या टाकीत तळाच्या चार कडांचे २६० सेंमी आणि उभ्या चार जोडांचे जवळजवळ १८० सेंमी मिळून ४४० सेंमी जोड आहेत. जोडात ८ मिमी रुंद आणि दाबण्यापूर्वी २ मिमी जाड थर धरल्यास सुमारे ७० मिलि, आणि आतल्या कोपऱ्यांत ८ मिमीची तिरकी पट्टी धरल्यास आणखी १४० मिलि लागते. म्हणजे २१० मिलि नुसते जागेवर बसते. पुसण्यात आणि नोझलमध्ये जाते ते वेगळे. ३०० मिलिचे एक कार्ट्रिज कदाचित पुरेल, तरी एकाच बॅचची दोन आणावीत. अर्ध्या कामात सिलिकॉन संपले तर दुसरे आणेपर्यंत पहिले वाळते, आणि ताजे सिलिकॉन वाळलेल्या सिलिकॉनला नीट चिकटत नाही.

पारदर्शक की काळे, हा आवडीचा प्रश्न आहे. काळ्यात शेवाळ कमी दिसते, पारदर्शकात आतले बुडबुडे दिसतात. नवशिक्याला बुडबुडे दिसलेलेच बरे.

७. नमुना जोड

ही पायरी जवळजवळ कोणीच करत नाही. काच कापताना उरलेले दोन तुकडे दुकानातून मागून आणावेत, टाकीच्या काचा पुसणार त्याच द्रवाने पुसावेत आणि त्याच सिलिकॉनने काटकोनात चिकटवावेत. हवेतील ओलाव्याने सिलिकॉन बाहेरून आत वाळत जाते. साधारण हवेत दिवसाला दोन ते तीन मिलिमीटर, कोरड्या हवेत त्याहून सावकाश. म्हणून सात दिवस थांबावे, मग तुकडे आणखी काही दिवस पाण्यात बुडवून ठेवावेत, आणि जाड हातमोजे व चष्मा घालून ते ओढून वेगळे करावेत.

तपासणी : सिलिकॉन मधोमध फाटले आणि दोन्ही काचांवर त्याचा थर राहिला, तर साहित्य उत्तम. ते एका काचेवरून सालीसारखे स्वच्छ निघून आले, तर ती काच नीट पुसली गेली नव्हती किंवा सिलिकॉन वाईट आहे. दुसऱ्या तुकड्यावर पुन्हा करून पाहावे, पण टाकीला हात लावू नये.

८. पुसण्याचे व जोडणीचे किरकोळ साहित्य

काच पुसण्यासाठी ९० टक्क्यांहून अधिक तीव्रतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा ॲसिटोन आणि धागे न सुटणारे कापड. खिडक्या पुसण्याचे फवारे आणि साबण टाळावेत. त्यांचा न दिसणारा पापुद्रा मागे राहतो. दोन्ही द्रव ज्वालाग्राही असल्यामुळे खिडक्या उघड्या आणि गॅस बंद असावा.

याशिवाय सिलिकॉन गन, मास्किंग टेप, कोपरे धरून ठेवायला रुंद चिकटपट्टी, काटकोन तपासायला गुण्या, नवी ब्लेड आणि जोडात सारखी जागा राहावी म्हणून १ मिमी जाडीच्या पारदर्शक प्लॅस्टिकचे बारीक तुकडे लागतात. हे तुकडे नसले तर वरच्या काचेच्या वजनाने सिलिकॉन पूर्ण पिळून बाहेर येते आणि काचेवर काच टेकते.

टाकीत बुडणारी कोणतीही वस्तू तांब्याची, पितळेची किंवा जस्त चढवलेली नसावी. तांबे झिंग्यांना आणि गोगलगायींना फार थोड्या प्रमाणातही मारक ठरते.

९. खालचा आधार

आपल्या टाकीच्या काचेचेच वजन, दर चौरस मीटरला प्रत्येक मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो या हिशेबाने, ३१ किलोंच्या वर जाते. ४२ सेंमीपर्यंत पाणी भरले की आणखी १४० किलो आणि पाच सेंमी वाळूचा थर घातला की सुमारे २७ किलो. म्हणजे २०० किलो एका जागी. स्टँडचा वरचा भाग जाड प्लायवुडचा असावा. भुसा दाबून केलेला बोर्ड पाणी लागताच फुगतो.

प्लाय आणि तळ यांच्यामध्ये थर्मोकोलचा किंवा फोमचा अखंड पत्रा, टाकीच्या पूर्ण मापाचा. याचे काम वाळूचा कण किंवा खिळ्याचे उंचावलेले डोके यांमुळे एका बिंदूवर येणारा भार पसरवणे एवढेच आहे. वाकलेला स्टँड त्याने सरळ होत नाही.

तपासणी : स्टँडवर सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांत ठेवून पाहावी. पट्टीखालून एक-दीड मिलिमीटरहून अधिक फट दिसली तर आधी स्टँड दुरुस्त करावा.

१०. कोरडी जुळवणी

सर्व साहित्य जमल्यावर सिलिकॉनचे तोंड कापण्यापूर्वी टाकी एकदा कोरडीच उभी करावी. तळाची काच फोमवर ठेवावी, १ मिमीचे तुकडे जागेवर ठेवावेत, भिंती उभ्या करून कोपरे चिकटपट्टीने धरावेत. यासाठी एक मदतनीस हवाच. मग प्रत्येक कोपऱ्यात गुण्या लावावा, वरच्या तोंडाचे दोन्ही कर्ण मोजावेत आणि चारही वरच्या कडा एका पातळीत आहेत का ते पाहावे. फट कुठे जास्त, कुठे कमी दिसत असेल तर समोरासमोरच्या काचा अदलून पाहाव्यात. अनेकदा तेवढ्याने भागते. भागले नाही तर ज्या काचेचे माप चुकले असेल ती पुन्हा कापून आणावी. सगळे जुळल्यावर चिकटपट्ट्या काढून काचा त्याच क्रमाने बाजूला मांडून ठेवाव्यात, शेवटचे पुसून घ्यावे, आणि मगच नोझल कापावे.